जुना इराणी गालिचा: आधी पाठ बघा

जुना इराणी गालिचा समोर अंथरला की हात आपोआप लवेवर जातो. तो आवरा. आधी एक कोपरा उचला, दोन-तीन फूट उलटवा आणि पाठ बघा. वरची बाजू धुता येते, रंगवता येते, कातरून सारखी करता येते. पाठीवर लपवाछपवी फारशी जमत नाही. गालिचा कुठल्या गावचा, त्याने कधी पाणी खाल्लंय का, कुठे डागडुजी झाली आहे आणि पुढची वीस-तीस वर्षं तो पायाखाली टिकेल का, याची उत्तरं तिथेच मिळतात.

हाताने गाठी मारलेल्या गालिच्याची रचना साधी आहे. मागावर उभा ताणा. ताण्याच्या दोन-दोन धाग्यांवर लोकरीची एकेक गाठ. गाठींची ओळ भरली की बाण्याचे, म्हणजे आडव्या धाग्याचे, एक, दोन किंवा तीन फेरे, आणि मग पंजाने, म्हणजे जड फणीने, ठोकून ओळ खाली बसवायची. गाठीची कापलेली टोकं पुढे येतात, ती लव. वळसा मागे राहतो, म्हणून पूर्ण नक्षी पाठीवरही स्वच्छ दिसते. मागे कापड चिकटवलेलं असेल आणि त्याखाली रबरासारखा थर लागत असेल, तर तो टफ्टेड, म्हणजे गाठी न मारता कापडात लोकर टोचून केलेला माल. नक्षी मागे दिसते, पण ओळी फूटपट्टीने आखल्यासारख्या आणि झालर वेगळी शिवलेली, तर यंत्रावरचा. खऱ्या गालिच्याची झालर म्हणजे ताण्याचीच टोकं, ती त्याच्या अंगातूनच बाहेर येतात. मात्र झिजलेल्या अस्सल गालिच्यालाही नंतर तयार झालर जोडलेली सापडते, त्यामुळे नुसत्या झालरीवरून निकाल देऊ नका.

गाठी मोजताना एक चूक हमखास होते. पद्धत अशी: पाठीवर १० सेंटीमीटर आडव्या आणि १० सेंटीमीटर उभ्या गाठी मोजायच्या, दोन्ही आकड्यांचा गुणाकार करायचा, त्याला १०० ने गुणलं की चौरस मीटरचा आकडा. पण काही गालिच्यांत ताण्याचे दोन्ही धागे एका पातळीत असतात आणि तिथे एक गाठ पाठीवर दोन उंचवट्यांची दिसते. काहींत एक धागा दुसऱ्याच्या मागे पूर्ण दाबलेला असतो, तिथे एका गाठीचा एकच उंचवटा. पहिल्या प्रकारात प्रत्येक उंचवटा गाठ धरला की आकडा सरळ दुप्पट होतो. विकणारे बऱ्याचदा असंच मोजतात. म्हणून आधी नक्षीतली एका गाठीच्या रुंदीची उभी रेघ शोधा, एखाद्या पाकळीची किंवा देठाची कड चालेल. त्या रेघेचा एक ठिपका किती उंचवट्यांचा आहे ते पाहा आणि मगच मोजायला घ्या.

इराणच्या तब्रीझ शहरात ‘रज’ हे माप चालतं: साधारण ७ सेंटीमीटरमध्ये किती गाठी. ५० रज म्हणजे चौरस मीटरला सुमारे ५ लाख १० हजार. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातला प्रसिद्ध आर्दबील गालिचा, ज्यावर हिजरी ९४६ म्हणजे १५३९-४० हे साल विणलेलं आहे, तोही साधारण ५ लाख ३० हजारांचा. नाईन या गावचा माल ‘ला’वर ओळखतात, म्हणजे ताण्याच्या दोऱ्यात किती पदर. ९ ला जाड, ६ ला बारीक, ४ ला त्याहून बारीक. झालरीतला एक दोरा उलगडून पदर मोजले की खरं-खोटं कळतं.

या आकड्यांमागे किती श्रम आहेत ते एकदा मांडून बघावं. २ बाय ३ मीटरचा, चौरस मीटरला ३ लाख गाठींचा गालिचा म्हणजे १८ लाख गाठी. सरावलेला विणकर दिवसाला सहा ते आठ हजार गाठी घालतो असं धरलं, तर एकट्या माणसाचे २२५ ते ३०० दिवस. आणि तरीही, केवळ गाठींच्या संख्येवर गालिचा निवडू नये असं मी आग्रहाने सांगेन. हेरिझ या भागातला किंवा कशकाई या भटक्या जमातीचा गालिचा याच्या मानाने जाड विणीचा असतो, पण लोकर चांगली असेल तर ये-जा असलेल्या खोलीत तो आयुष्य काढतो. दाट विणीचा, पण निर्जीव लोकरीचा गालिचा काही वर्षांतच टकला पडतो.

निर्जीव लोकर म्हणजे कापलेल्या जनावराच्या कातड्यावरून चुन्याने सोडवलेली, इराणी बाजारात तिला ‘तबाची’ म्हणतात. जिवंत मेंढीच्या लोकरीत नैसर्गिक तेल असतं. ती मुठीत दाबून सोडली की उसळी घेते आणि हाताला किंचित चिकणी लागते. तबाची कोरडी, खरखरीत, न चमकणारी असते आणि बोटाने घासली तर तुटके केस हातात येतात. कोकराची मऊ लोकर, म्हणजे ‘कुर्क’, ही सगळ्यात वरची.

गाठींचे प्रकार दोन. सममित गाठीला, म्हणजे लोकर ताण्याच्या दोन्ही धाग्यांना सारखीच गुंडाळली असेल तर, तुर्की म्हणतात. असममित गाठीला, म्हणजे लोकर एकाच धाग्याला पूर्ण गुंडाळली असेल तर, सेन्ने म्हणतात; सेन्ने हे आजच्या सनंदज शहराचं जुनं नाव. गंमत अशी की सनंदजचे विणकर तुर्की गाठच घालतात, आणि तब्रीझचेही, आकडीच्या मदतीने. काशान, इस्फहान, नाईन, कोम, केरमान इथे असममित. कोणती श्रेष्ठ हा वाद निरर्थक आहे. लक्ष ठेवायचं ते ‘जुफ्ती’वर. यात गाठ दोनऐवजी चार धाग्यांवर घालतात. निम्मी लोकर, निम्मा वेळ, आणि लव पातळ. नक्षीच्या भागात ती सहसा नसते, ती सापडते एकरंगी मोकळ्या जमिनीत, म्हणजे नक्षीमागच्या सपाट रंगाच्या भागात. पाठीवर तिथल्या गाठी शेजारच्या नक्षीतल्या गाठींच्या दुप्पट रुंद दिसल्या की समजावं. झीजही नेमकी तिथूनच सुरू होते.

गाव ओळखायलाही पाठच उपयोगी पडते. हमदानच्या आसपासच्या खेड्यांत दोन ओळींमध्ये बाण्याचा एकच फेरा असतो, त्यामुळे पाठीवर बाण्याचे ठिपके बुद्धिबळाच्या घरांसारखे एकाआड एक दिसतात. काशानचा बाणा बऱ्याचदा निळसर. बिजारमध्ये बाण्याचे फेरे जास्त, त्यातला एक जाड, आणि ते ओले करून ठोकलेले. म्हणून बिजार पुठ्ठ्यासारखा ताठ असतो. तो कधीही घडी घालून ठेवू नका, आतला ताणा घडीवर तुटतो. शहरी आणि खेड्यातल्या मालात ताणा बहुतेक सुती, भटक्या जमातींच्या मालात लोकरीचा, बारीक कोममध्ये रेशमी. नाईन आणि कोम इथलं गालिच्यांचं विणकाम विसाव्या शतकात उभं राहिलं, तेव्हा दीडशे वर्षांचा कोम कोणी दाखवला तर तिथून उठावं हे उत्तम.

वयाचं म्हणाल तर बाजारात १०० वर्षांपुढचा तो अँटिक आणि साधारण २०-३० वर्षांपासून शंभरीच्या आतला तो व्हिंटेज, असा रिवाज आहे. विणलेली तारीख असेल तर मोह आवरून हिशोब करा. आकडे हिजरी असतात, पण चांद्र की सौर? चांद्र हिजरी असेल तर त्या सालाला ३३ ने भागून आलेला आकडा वजा करायचा आणि ६२२ मिळवायचे. सौर असेल तर सरळ ६२१ मिळवायचे. १३४२ हे साल चांद्र धरलं तर १९२३-२४ येतं, सौर धरलं तर १९६३. चाळीस वर्षांचा फरक, आणि आकडा तोच. इराणने सौर पंचांग अधिकृतपणे १९२५ मध्ये स्वीकारलं, म्हणून रंग, लोकर आणि झीज यांवरून ठरवावं लागतं. त्याहून वाईट म्हणजे आकड्यात केलेली फेरफार. फारसी तीनच्या आकड्याला दोनपेक्षा एक दाता जास्त असतो. तो दाता चार-दोन गाठी उपटून काढला की १३०० चे १२०० होतात आणि गालिचा शंभर वर्षांनी म्हातारा होतो. तारखेभोवतीच्या गाठी पाठीवर भिंगातून बघा. नवी लोकर आजूबाजूच्या लोकरीपेक्षा फुगीर आणि स्वच्छ दिसते.

आता पुढची बाजू. लव दोन्ही अंगठ्यांनी फाकवा आणि मुळाशी कोणता रंग आहे ते बघा. टोकाकडून मुळाकडे रंग हळूहळू गडद होत गेला असेल तर ते उन्हाने आणि वयाने झालेलं आहे. टोकाला फिका, मुळाशी भडक आणि मध्ये सरळ सीमारेषा असेल, तर कच्चा रासायनिक रंग किंवा रासायनिक धुलाई. मंजिष्ठेचा लाल, निळीचा निळा, डाळिंबाच्या सालीचा पिवळा, अक्रोडाच्या टरफलाचा तपकिरी हे जुने रंग; त्यातले लाल आणि पिवळा तुरटीने पक्के केलेले असतात. काळ्या-तपकिरीत लोह वापरलेलं असलं तर ते वर्षानुवर्षं लोकर खातं, त्यामुळे तेवढीच नक्षी बुटकी होते आणि बाकीची उठून दिसते. ही खूण मला फार विश्वासाची वाटते, कारण ती पटकन तयार करता येत नाही. रासायनिक म्हटल्यावर नाक मुरडायचं मात्र कारण नाही. विसाव्या शतकातले चांगले क्रोम रंग, म्हणजे क्रोमियमच्या क्षाराने पक्के केलेले रासायनिक रंग, पाण्याला आणि उन्हाला पक्के आहेत. एकाच रंगात मध्येच फिकट-गडद आडवे पट्टे दिसले तर ते रंगवलेल्या लोकरीची पुढची खेप वेगळी उतरल्यामुळे. त्याला ‘अब्रश’ म्हणतात आणि तो दोष नाही.

पांढरं सुती फडकं पाण्यात भिजवून पिळा आणि प्रत्येक गडद रंगावर मिनिटभर घासा. फडक्यावर रंग उतरला तर तो गालिचा घरी धुण्याचा विचार सोडा. झिजलेल्या जागी ताण्यावर रंग फासलेला असेल तर तोही यातच पकडला जातो. १९२०-३० च्या दशकांत अमेरिकेच्या बाजारासाठी विणलेल्या सारूक गावच्या गालिच्यांची जमीन तिथे रासायनिक धुलाईने उतरवून पुन्हा हाताने गडद लाल रंगवली जायची. पुढे गडद आणि पाठीवर गुलाबी असा सारूक दिसला तर तो हाच. सगळा गालिचाच चहाच्या रंगाचा दिसतो, झालरही तपकिरी, पण पाठीवरच्या गाठी उजळ? तर तो जुना दिसावा म्हणून चहासारख्या रंगात बुडवलेला आहे.

अमेरिकेतून मागवणार असाल किंवा तिकडे पाठवणार असाल तर एक लक्षात असू द्या. तिथे इराणी गालिच्यांची आयात १९८७ मध्ये बंद झाली, २००० मध्ये खुली झाली, २०१० मध्ये पुन्हा बंद, २०१६ मध्ये खुली आणि २०१८ मध्ये परत बंद. म्हणून मूळ खरेदीची कागदपत्रं जपून ठेवावीत.

घेताना ज्यावर अजिबात तडजोड करू नये तो दोष म्हणजे कुजलेला ताणा. सगळीकडे सारखी उतरलेली लव चालते, एखादं रफू केलेलं भोक चालतं. पण गालिचा फार दिवस ओलसर राहिला, बहुतेक वेळा कुंडीखाली, की बुरशी सुती ताणा खाते. वरून लव ठीक दिसते. तिथे दोन्ही हातांनी धरून हलकेच पिळा. कुरकुर आवाज आला किंवा वाळक्या पानासारखं वाटलं तर तो भाग गेलेला आहे आणि रफूचा टाकाही तिथे धरणार नाही. तसंच चारही काठ मोजा. एका बाजूची किनार अरुंद किंवा कोपऱ्यात नक्षी अर्धवट तुटलेली असेल तर खराब भाग कापून गालिचा छोटा केलेला आहे. पाठीवर रबरी गोंद दिसला तर तो नकोच, कारण तो कडक होतो आणि दुरुस्तीला सुई आत जात नाही.

आकारांविषयी थोडंसं. फारसीत ‘काली’ म्हणजे मोठा आणि ‘कालीचे’ म्हणजे छोटा, आपला गालिचा शब्द त्या छोट्यावरून आला. जुनी मापं आजही चालतात: पोश्ती सुमारे ६० बाय ९० सेंटीमीटर, झारोनीम १०० बाय १५०, दोझार १३० बाय २००, लांब-अरुंद पट्टी ती केनारे. जुन्या इराणी दिवाणखान्यात मध्ये एक मोठा, दोन बाजूंना दोन केनारे आणि डोक्याशी आडवा केल्लेगी अशी चार गालिच्यांची मांडणी असे. लांबट जुने गालिचे सोफ्याखाली नीट बसत नाहीत ते यामुळे. आधी जमिनीवर चिकटपट्टीने माप आखून बघा.

अंथरताना खाली फेल्ट आणि नैसर्गिक रबराची गादी घाला, ६ ते ९ मिलिमीटर जाड आणि गालिच्यापेक्षा चारी बाजूंनी २-३ सेंटीमीटर आत. पीव्हीसीची जाळी नको, ती फरशीच्या पॉलिशला चिकटते. गादी नसली की प्रत्येक पावलाला गाठ कठीण जमिनीवर ठेचली जाते आणि पाठीकडचा वळसा झिजून गाठ सुटते. दर सहा महिन्यांनी गालिचा १८० अंशांत फिरवा, म्हणजे ऊन आणि पावलं दोन्ही वाटून जातात. आर्दबील गालिच्यावर संग्रहालय दर अर्ध्या तासाला फक्त दहा मिनिटं पूर्ण प्रकाश सोडतं. घरात एवढं नको, पण थेट ऊन पडणाऱ्या खिडकीला पडदा हवाच.

व्हॅक्यूम क्लीनरचा फिरता ब्रश बंद ठेवा आणि लवेच्या कलानेच ओढा. कल कसा ओळखायचा? एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे हात फिरवा, ज्या दिशेने मऊ लागतं तो कल. झालरीवर यंत्र नेऊ नका. गालिच्याचं खरं नुकसान करते ती मुळाशी बसलेली बारीक वाळू. तिच्या कडा धारदार असतात आणि पाऊल पडलं की लोकर मुळातच कापली जाते. म्हणून वर्षातून दोनदा गालिचा पालथा घालून पाठीवरून यंत्र फिरवा, मग उचलून खाली पडलेली वाळू गोळा करा. पहिल्यांदा ती किती निघते हे बघून बहुतेकांना धक्का बसतो.

काही सांडलं तर घासू नका. पांढऱ्या फडक्याने दाबून टिपा, बाहेरून आत, मग गार पाणी थोडं थोडं घालून पुन्हा टिपा आणि शेवटी दोन्ही बाजूंनी पंख्याची हवा लागू द्या. कुत्र्या-मांजराच्या मुतासाठी घाई करायची, कारण ते वाळता वाळता अल्कधर्मी होतं आणि रंग सैल करतं. पुढच्या धुलाईत रंग पसरतो तो इथेच. गार पाण्याने टिपून झाल्यावर एक भाग पांढरं व्हिनेगर आणि तीन भाग पाणी, तेही आधी कोपऱ्यात तपासून. कपड्यांची एन्झाइमवाली पावडर, ब्लीच आणि वाफेचं यंत्र हे तिन्ही वर्ज्य. लोकर हे प्रथिन आहे आणि ते एन्झाइम प्रथिनच पचवतात. पूर्ण धुलाई तीन ते पाच वर्षांनी, जाणकाराकडून, उदासीन (ना आम्ल, ना अल्क) साबणाने. सुती ताणा ओला राहिला तर पिवळट-तपकिरी डाग वर येतात, म्हणून धुण्यापेक्षा वाळवणं जास्त महत्त्वाचं.

कसर अंधारात आणि शांततेत लागते, म्हणजे कपाटाखाली, सोफ्यामागे. पतंग बघून उपयोग नाही, खाते ती अळी. लव मुळापर्यंत फस्त आणि सुती ताणा जशाचा तसा, शेजारी पांढरट जाळं आणि लोकरीच्याच रंगाची वाळूसारखी विष्ठा, ही तिची खूण. छोटा गालिचा पॉलिथीनमध्ये हवाबंद करून उणे १८ अंशांवर दोन आठवडे ठेवला तर अंडीही मरतात. बाहेर काढल्यावर पिशवी एक दिवस उघडायची नाही, नाहीतर दव सुटून गालिचा ओला होतो. डांबरगोळ्या मोकळ्या खोलीत काही करत नाहीत, वास तेवढा उरतो.

टोक उसवायला लागलं तर त्याच आठवड्यात टाका घाला. एक ओळ सुटली की मागची सुटते. अर्धवट लोंबणाऱ्या गाठी काढून बाण्याची सलग ओळ मिळेपर्यंत मागे या. जाड सुती दोरा घ्या, नायलॉन नको, तो ताणा कापतो. सुई पाठीकडून ६ ते ८ मिलिमीटर आत घाला, दोन-तीन ताणे सोडून पुढचा टाका, काजाच्या टाक्यासारखा. दोरा इतकाच ओढा की कड सपाट राहील. टोक चुणलं तर टाका घट्ट झालाय, उसवून परत घाला. झालर कापून टोक ‘साफ’ करणं किंवा शिलाई यंत्राने टीप मारणं, दोन्ही नको. बाजूच्या गोठाची गुंडाळलेली लोकर झिजली असेल तर त्याच जाडीच्या लोकरीने पुन्हा गुंडाळता येते, पण आतला ताणा उघडा पडायच्या आत.

बरेच महिने वापरायचा नसेल तर धुऊन, पूर्ण वाळवून, कडक नळीवर ताण्याच्या दिशेने गुंडाळा. वर प्लॅस्टिक नको, आत दमट हवा अडकते. धुतलेली सुती चादर पुरे, दोन्ही टोकं बांधून. गुंडाळी आडवी, जमिनीपासून उंचावर ठेवा, उभी केली तर खालची कड चेपते. दर तीन महिन्यांनी उलगडून दोन्ही बाजू उजेडात बघा, आणि पुन्हा गुंडाळताना कुंडीखालच्या किंवा कपाटाखालच्या जुन्या जागांवरून एकदा हात फिरवा.